काही नाही म्हणायचं

मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात मागच्या भिंतीला टेकून एक जुनं मशीन आहे. त्या मशीनवर एकवीस वर्षं एकच माणूस बसतो. जाड रेक्झिन, आत फोम, वरून दुहेरी शिवण. हाताला घट्टे पडलेत आणि डोळ्यांना चष्मा लागलाय. कारखान्यात त्याला सगळे मामा म्हणतात, पण ते त्याचा भाचा बॉक्सर म्हणून गाजायला लागल्यापासून. त्याआधी त्याला दुसरं नाव होतं. ते कुणी घेतलं की तो मशीन थांबवायचा आणि तहान नसताना पाणी प्यायला उठायचा. ते नाव म्हणजे 'आईगं'.

त्याचं असं झालं. तेवीस वर्षांचा असताना मामा स्वतः रिंगमध्ये उतरला होता. पैसे घेऊन लढायची पहिलीच वेळ. दुसऱ्या फेरीत डाव्या बरगडीखाली ठोसा बसला आणि त्याच्या तोंडून निघालं, "आई गं!" कुणाच्याही तोंडून निघतं. दारात बोट सापडलं तरी निघतं. पण नेमका त्याच क्षणी हॉल शांत होता. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते स्वच्छ ऐकू गेलं. रेफरीनं विचारलं, "दुखतंय का?" मामा प्रामाणिक, "हो" म्हणाला. रेफरीनं लढत थांबवली, आणि चारशे माणसं पोट धरधरून हसली.

माणूस हरला हे लोक विसरतात असं कुणी म्हणत असेल तर त्यानं मामाला भेटावं. पहिल्याच लढतीत हरला, आणि हरला तेही असा! दुसरी लढत त्याला कुणी दिलीच नाही. वर्षभर तो हातांना पट्ट्या बांधून तालमीच्या दारात उभा राहायचा, आणि आतून कुणीतरी बारीक आवाजात "आई गंऽऽ" म्हणायचं. एक लग्नही ठरता ठरता मोडलं. मुलीच्या भावानं विचारलं होतं म्हणे, "हाच का तो?" मोडायला आणखीही कारणं असतील, पण मामानं मनाशी हेच धरून ठेवलं. मग तो कारखान्यात शिवायला बसला तो बसलाच.

बहीण विधवा होऊन नऊ वर्षांचा मुलगा घेऊन मामाच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा मामाला प्रथम त्या मुलाचं एकच वैशिष्ट्य दिसलं. तो बोलायचाच नाही. मुका नव्हता, हुशार होता, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जणू दात काढायचाय. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं गप्प्या. मामा मात्र हरखून गेला.

कारखान्यातलं उरलेलं रेक्झिन आणून त्यानं दाभणानं एक लांबट पोतं शिवलं, चिंध्या ठासून भरल्या आणि मधल्या दाराच्या चौकटीला टांगलं. तेव्हापासून त्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर आधी पोत्याला बाजूला सारावं लागे. शिकवणीची सुरुवात मात्र ठोशांपासून झाली नाही. मामा मुलाला समोर उभा करायचा, वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पोटावर एक हाणायचा आणि विचारायचा, "काय झालं?"

"काही नाही."

"दुखलं?"

"काही नाही."

"रेफरीनं विचारलं तर काय म्हणायचं?"

"काही नाही म्हणायचं."

असं रोज दहा वेळा, दूध प्यायच्या आधी. ताई चुलीपाशी... चूल कसली, दोन बर्नरची शेगडी, तिथून ती करवादायची, "अरे, पोराला दुखलं तर दुखलं म्हणू दे की!"

"म्हणेल," मामा म्हणायचा, "आणि जन्मभर ऐकून घेईल."

ताई मग शेगडीकडे वळायची. भावानं जन्मभर काय ऐकलं होतं ते तिला ठाऊक होतं.

गप्प्या चोविसाव्या वर्षापर्यंत चौदा लढती लढला आणि चौदाही जिंकला. नाक दोनदा मोडलं, एकदा अंगठा सरकला, पण तोंडातून 'ऊं' नाही. समोरच्याला वाटायचं आपण भिंतीवर ठोसे मारतोय. पोस्टरवर त्याच्या फोटोखाली छापायचे 'अपराजित, १४–०'. शाळेत शून्य मिळालं म्हणून ज्याच्या पाठीत धपाटे बसले त्या पोराच्या शून्याची आता केवढी किंमत! कारण बॉक्सिंगच्या धंद्यात चौदाला कुणी विचारत नाही, चौदा जिंकणारे पैशाला पासरी. लोक बघतात ते पुढचं शून्य. ते आहे तोवर माणूस काय होईल सांगता येत नाही. ते गेलं की माणूस काय आहे ते सगळ्यांना कळलेलं असतं.

आयोजकानं शब्द दिला होता: आणखी एक लढत जिंकून दे, पुढची लढत किताबाची. आणि ती एक लढतही अवघड नव्हती. समोर होता हमाल. हे टोपणनाव आणि धंदा दोन्ही. भाजीबाजारात पोती उचलायचा, वय अडतीस, एकतीस वेळा हरलेला. चढत्या पोरांची पाटी स्वच्छ राहावी म्हणून जी माणसं बोलावतात त्यांच्यातला तो. वेळेवर येतो, मार खातो, हात मिळवतो, घरी जातो.

लढतीच्या संध्याकाळी सगळं ठीक चाललं होतं. दुसऱ्या फेरीत हमाल खाली वाकून आत घुसला, गप्प्याही वाकला, आणि हमालाचं कपाळ गप्प्याच्या डाव्या भुवईवर आदळलं. भुवई फाटली. रेफरी त्या वेळी हमालाच्या पाठीमागे होता, त्याला फक्त रक्त दिसलं.

आता इथं नियम समजून घ्यायला हवा. चौथ्या फेरीच्या आत डोक्याला डोकं लागून जखम झाली आणि त्यामुळे लढत थांबवावी लागली, तर निकालच धरत नाहीत. ना जीत, ना हार. ठोशानं जखम झाली असेल तर मात्र सरळ हार. आणि रेफरीला नीट दिसलं नसेल तर त्या संघटनेत पद्धत अशी, की तो जखमीला विचारतो. मुरलेले बॉक्सर अशा वेळी हॉल डोक्यावर घेतात. ठोसा लागला तरी "डोकं! डोकं!" म्हणून बोंबलतात.

रेफरीनं गप्प्याचा चेहरा हातात धरला आणि विचारलं, "काय लागलं?"

गप्प्या म्हणाला, "काही नाही."

रेफरीनं पंचांकडे बघून मूठ वर केली. म्हणजे ठोसा.

मामा त्या वेळी रिंगच्या कोपऱ्यात पायरीवर होता, दोरापासून हातभर अंतरावर. त्यानं डोकं आदळताना पाहिलं होतं. अगदी स्वच्छ. नियमही त्याला पाठ होता. "डोकं" एवढंच ओरडायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर हॉल होता, तोच हॉल, आणि पुढच्या दोन रांगांत त्याच्याच वयाची माणसं बसली होती. आईगं ओरडला, असंच म्हणाले असते ना! शिवाय जखम लहान आहे, मिनिटात रक्त थांबवतो, पोरगं जिंकतंयच, कशाला रड? मामानं तोंड मिटलं.

रक्त थांबलं नाही. मामानं कापसाच्या काडीनं औषध दाबलं, बर्फातला लोखंडी ठोकळा टेकवला, व्हॅसलिन थापलं. एकवीस वर्षं शिवणकाम केलेल्या हातांना ती एक शिवण बंद करता येईना. तिसऱ्या फेरीत रक्त डोळ्यात उतरलं, डॉक्टरनं टॉर्च मारून मान हलवली आणि हमालाचा हात वर गेला. हमालाला ते खरं वाटेना. तो आधी मागे वळून बघायला लागला, की हात कुणाचा वर केलाय.

त्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत टाके घालून घेताना गप्प्यानं विचारलं, "मामा, तू पाहिलंस का? डोकं होतं ते."

"मी स्पंज पिळत होतो," मामा म्हणाला.

हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग जे सुरू झालं ते मामाला तोंडपाठ होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी टाळलं नाही. उलट लोक गोड बोलायला लागले, आणि ते फार वाईट. पूर्वी तालमीत शिरला की पोरं गप्प्याच्या पाठीवर थाप मारायची. आता हळूच खांद्यावर हात ठेवायची, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. तालमीच्या दर्शनी भिंतीवरचा त्याचा फोटो 'रंग द्यायचाय' म्हणून उतरवला. रंग दिला, बाकीचे फोटो परत चढले, त्याचा मागच्या भिंतीवर पंख्याच्या बटणाशेजारी गेला. सराव करायला जी पोरं आधी त्याच्यासमोर उभी राहायला कचरायची ती आता आपणहून पुढे यायला लागली. त्यांना कळलं होतं की ह्याला हरवता येतं. आयोजक फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, "मामा, पोरगा गुणी आहे हो. पण लोकांना तिकीट काढताना शून्य बघायचं असतं. मी काय करू?" किताबाच्या लढतीचं पोस्टर लागलं, त्यावर दुसराच मुलगा होता. त्याच्या नावापुढे ११–०.

गप्प्या दिवसा गोदामात खोकी चढवायचा. तिथं मुकादम पूर्वी त्याला 'चॅम्पियन' म्हणायचा. हरल्यावरही म्हणतच राहिला, पण आता ते ऐकून बाकीचे मान खाली घालायचे.

आणि गप्प्या स्वतः? तो बोलायचा नाहीच, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता. ताईला मात्र कळत होतं. ती एकदा भावाला म्हणाली, "ते पोतं काढ दारातून. तो मारत नाही त्याला, नुसता कपाळ टेकवून उभा राहतो."

मामानं पोतं काढलं नाही. त्यानं अर्ज केला. तो निकालच रद्द करावा, असा संघटनेला अर्ज. एकच गोष्ट त्याला आता हवी होती, पोराचं ते शून्य परत. संघटनेनं कळवलं, चित्रीकरणात फक्त हमालाची पाठ दिसते. समोरच्या बॉक्सरनं लिहून दिलं तर विचार करू.

म्हणून एका सकाळी मामा भाजीबाजारात गेला. हमाल बटाट्याची पोती उतरवत होता. मामाला बघून त्यानं पोतं खाली ठेवलं, हात अंगावरच्या कपड्याला पुसले, आणि त्याचा चेहरा खुलला. "या या मामा! पोराचे टाके निघाले का? फार लागलं हो त्याला."

"डोकं लागलं होतं," मामा म्हणाला.

"डोकंच," हमाल म्हणाला. जराही न अडखळता. "मला पण टेंगूळ आलं होतं."

मामाचा जीव भांड्यात पडला. त्यानं खिशातून कागद काढला. "मग एवढं लिहून द्या. तुमचं काही जात नाही. एकतीस हारींत एक जीत असली काय, नसली काय..."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

हमाल पोत्यावर बसला. रागावला नाही. त्याचा एक कान फुलकोबीसारखा झाला होता, तो चोळत म्हणाला, "मामा, मी घरी जिंकून आलो तेव्हा बायको दार उघडून विचारते, किती लागलं? नेहमीचाच प्रश्न. मी म्हटलं, जिंकलो. ती म्हणाली, थट्टा नको. तिला पटायला जेवण होईपर्यंत वेळ लागला. मग रडली. मुलीनं शाळेत सांगितलंय. आता मी घरी जाऊन काय सांगू? ते पण खरं नव्हतं?"

मामानं हातातला कागद उलटा केला.

"एकतीस वेळा हरलो," हमाल म्हणाला. "त्यातल्या सात-आठ तरी उघड उघड चुकीच्या होत्या. कुणी केला माझ्यासाठी अर्ज?" मग त्यानं मामाकडे नीट बघितलं. "आणि तुम्ही तर पायरीवर होता. माझं तोंड तुमच्याकडे होतं, मला दिसलात ना तुम्ही. तोंड उघडलं होतंत. मग ओरडला का नाहीत?"

बाजारात गलका होता, कुणीतरी हमालाच्या नावानं हाका मारत होतं. मामानं कागद घडी करून खिशात ठेवला. हमालानं पोतं उचललं आणि जाता जाता म्हणाला, "पोराला सांगा, पहिलीच तेवढी टोचते. पाचवीनंतर कुणी मोजत नाही." ते त्यानं धीर द्यायला म्हटलं होतं, हेच वाईट होतं.

सुनावणीला मामा आणि गप्प्या दोघेही गेले. लोखंडी कपाटांची एक खोली, लांब टेबल, समितीचे तिघंजण, त्यातला एक चहात बिस्किट बुडवत होता. मामानं रात्रभर ठरवलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाहिलं. डोकं आदळलं, माझ्या डोळ्यांसमोर. मी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही. चूक माझी आहे, पोराच्या माथी मारू नका."

त्यानं गप्प्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. पण शेजारची खुर्ची करकरली तेवढं त्याला ऐकू आलं.

"तुम्ही मामा आहात," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही असं म्हणणारच. आणि तेव्हा नाही, आज म्हणताय." मग ते गप्प्याकडे वळले. त्यांचा आवाज तसा मायाळू होता. "तू सांग. रेफरीला तू काही नाही म्हणालास, ते घाईत असेल, आम्ही समजू शकतो. आता शांतपणे सांग. तुला काय लागलं होतं?"

दार उघडंच होतं म्हणायचं. एक शब्द. मामा मनातल्या मनात तो शब्द घोकत होता, जणू त्याच्या घोकण्यानं तो पोराच्या तोंडात जाणार होता.

गप्प्या मामाकडे बघत होता. भुवईवरचा वण अजून गुलाबी होता. मामावरची नजर न काढता तो अध्यक्षांना म्हणाला, "काही नाही."

बिस्किट चहात पडलं. अध्यक्षांनी खांदे उडवले आणि अर्ज नामंजूर म्हणून सही केली.

हे त्यानं सवयीनं म्हटलं, की रागानं, की ज्या माणसानं आपल्याला तोंड उघडू दिलं नाही त्याच्यापुढे आता उघडायचंच नाही म्हणून, हे मामाला कधीच कळलं नाही. बस स्टॉपवर गप्प्या एवढंच म्हणाला, "स्पंज पिळत होतास."

"खोटं बोललो," मामा म्हणाला. "मला भीती वाटली."

"कसली?"

"हसतील म्हणून."

गप्प्यानं मान हलवली, कुणी किती वाजले ते सांगितल्यासारखी. बस आली. दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

दोन महिन्यांनी आयोजकाचा फोन आला. आपणहून. एका नव्या मुलाची नववी लढत आहे, ठरलेला माणूस आजारी पडला, दहा दिवस हातात आहेत, गप्प्या येईल का? ताई म्हणाली, "बघ, आठवण ठेवली त्यांनी." मामानं तिला सांगितलं नाही की हा फोन हमालासारख्यांना येतो तसला फोन आहे. गप्प्याला ते सांगावं लागलं नाही. तो "हो" म्हणाला आणि गोदामात सुट्टी टाकायला गेला.

पोस्टरवर नव्या मुलाचा फोटो हाताएवढा, खाली 'अपराजित'. गप्प्याचं नाव खालच्या ओळीत बारीक, फोटोशिवाय.

कोपऱ्यात मामानं त्याच्या वणावर व्हॅसलिन चोळलं. इतक्या वर्षांत जे कधी बोलला नव्हता ते तो बोलला, "ऐक. लागलं तर ओरड. मोठ्यानं ओरड. हसले तर हसू दे."

गप्प्यानं दातांचं रबर घ्यायला तोंड उघडलं. मामानं ते आत बसवलं, आणि तोंड मिटलं.

नवा मुलगा चपळ होता. हा आपल्याला जड जाणार, हे पहिल्या फेरीतच गप्प्याला कळलं असणार. तिसऱ्या फेरीत डाव्या बरगडीखाली ठोसा बसला, मामाला बसला होता तिथंच. तो आवाज मामानं झोपेतही ओळखला असता. गप्प्याचा गुडघा वाकला. ओठ हललेसुद्धा नाहीत.

"आई गं!" मामा ओरडला.

हॉल क्षणभर शांत झाला. पुढच्या ठोशाला मामा पुन्हा ओरडला, त्याच्या पुढच्याला पुन्हा. दोर दोन्ही हातांनी धरून, मान पुढे काढून, पोराच्या वाटचं सगळं तो ओरडत होता. रेफरी वळून म्हणाला, "मामा, गप्प बसा." दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "अरे, हा तर आपला आईगं!" आणि सगळ्या हॉलभर हसू पसरत गेलं.

मधल्या विश्रांतीत गप्प्या स्टुलावर बसला. मामानं त्याच्या तोंडात पाणी ओतलं. गप्प्यानं चूळ बादलीत टाकली, लाल. लोक अजून हसत होते.

"दुखतंय का रे?" मामानं विचारलं.

गप्प्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. घंटा वाजली तशी तो उठला आणि उरलेल्या तीन फेऱ्या पुऱ्या करायला गेला.